वेळेआधी जागं होणारं ट्रिप्सिन आणि आमच्या शेख मॅडम

डॉ. जमीला शेख यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते चंद्रपूरच्या आमच्या महाविद्यालयात, जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत. नव्वदचं दशक होतं. चामोर्शीजवळच्या एका खेड्यातून, गडचिरोलीत बी.एस्सी. करून मी तिथे एम.एस्सी.ला आले होते. आमच्या घरचं सगळं धानाच्या शेतीवर चाललेलं. पहिल्याच प्रात्यक्षिकाला मॅडम बर्फ भरलेला स्टीलचा डबा घेऊन आल्या आणि त्यातून त्यांनी बकऱ्याचं स्वादुपिंड बाहेर काढलं. सकाळी स्वतः खाटकाकडे उभं राहून आणलेलं. आमच्यातल्या दोघी शाकाहारी मुली दारापाशी सरकल्या. मॅडमनी त्यांना काही म्हटलं नाही, फक्त खिडकी उघडली.

प्रयोग सोपा होता. स्वादुपिंड वाटून त्याचा अर्क काढायचा, त्याचा थेंब जुन्या एक्स-रे फिल्मच्या तुकड्यावर टाकायचा. फिल्मवर जिलेटिनचा थर असतो. प्रथिनं पचवणारं एन्झाइम जागं असेल तर तो थर विरघळतो आणि नळाखाली धरल्यावर तिथे काचेसारखा स्वच्छ डाग दिसतो. नुसत्या अर्काच्या थेंबाखाली काहीच व्हायला नको होतं, कारण स्वादुपिंडात ट्रिप्सिन झोपलेलं असतं. त्या झोपलेल्या रूपाला ट्रिप्सिनोजेन म्हणतात. अर्कात आतड्याच्या अस्तराचा थोडा रस मिसळला की त्या रसातलं दुसरं एन्झाइम ट्रिप्सिनोजेनची छोटीशी शेपटी तोडतं, आणि ते जागं होतं.

सगळ्यांच्या फिल्मवर एकच डाग पडला. माझ्या फिल्मवर दोन. जिथे आतड्याचा रस टाकलाच नव्हता, तिथेही स्वच्छ गोल उमटला होता.

मॅडम मागे येऊन उभ्या राहिल्या. "इथे काय मिसळलंत?"

"काहीच नाही मॅडम."

"मग हे कशानं जागं झालं?"

माझी नळी अस्वच्छ असेल, माझाच हात चुकला असेल, असं म्हणायला मी तोंड उघडत होते. मॅडमनी फिल्म खिडकीच्या उजेडात धरली, बराच वेळ पाहिली आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "कधीकधी ते आपलं आपणही जागं होतं. पण आज, या नळीत, का झालं, ते मला माहीत नाही."

शाळेपासून तोपर्यंत फळ्यापाशी उभ्या असलेल्या कुणाच्याही तोंडून मी हे वाक्य ऐकलेलं नव्हतं. खोलीवर गेले तरी मला कळेना, की मॅडम हुशार आहेत की नाहीत. आज त्यांच्या साठीनिमित्त हा लेख लिहायला बसले आहे, आणि खरं सांगायचं तर तो गोंधळ पूर्ण मिटलेला नाही. हुशारीबद्दल आता शंका नाही. पण हुशारी म्हणजे नेमकं काय, हे त्यांच्या सहवासात मला अधिकाधिक अवघड वाटत गेलं.

मॅडम मूळच्या चंद्रपूरच्याच. जटपुरा गेटच्या बाजूला त्यांच्या वडिलांचं शिंप्याचं दुकान होतं. घरात हिंदी, मोहल्ल्यात हिंदी, आणि शाळा मराठी. त्यामुळे वर्गात त्यांची मराठी अगदी नेटकी असे आणि रागावल्या की हिंदी व्हायची. नागपूरला त्यांनी पीएच.डी. केली ती पेशींच्या आत घडणाऱ्या एका गोष्टीवर. पेशीमध्ये आम्लानं भरलेल्या बारीक पिशव्या असतात. प्रथिनं तोडणारी काही एन्झाइमं त्यांत निष्क्रिय रूपात येऊन पडतात. आम्लात त्यांचा आकार सैल होतो, तोंडावरचा तुकडा गळून पडतो आणि ती कामाला लागतात. मॅडमचं काम होतं कॅथेप्सिन या त्यांतल्या एका एन्झाइमवर. तो तुकडा कोण तोडतं? दुसरं एखादं एन्झाइम, की ते स्वतःच? आणि आधी जागं झालेलं जर झोपलेल्याला जागं करत असेल, तर सगळ्यांत पहिलं कोण जागं झालं? हा प्रश्न त्या फळ्यावर लिहायच्या आणि खाली मोठी मोकळी जागा सोडायच्या. परीक्षेला हा प्रश्न येईल का, असं एका मुलानं विचारलं. "आला तर मला पण उत्तरपत्रिका पाहायची आहे," असं त्या म्हणाल्या.

मला 'झायमोजेन' हा शब्द उच्चारता येत नसे. दर वेळी 'झ' आणि 'य' यांची मारामारी व्हायची आणि वर्ग हसायचा. मॅडमनी एक दिवस सगळ्यांना सांगितलं, "आजपासून आपण 'निजलेलं' म्हणू." वर्षभर मग आम्ही सगळे 'निजलेलं ट्रिप्सिन', 'निजलेलं कॅथेप्सिन' म्हणत राहिलो. शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला एकटीला बसवून मूळ शब्द घटवून घेतला, कारण तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक येणार होते. त्यांची माया ही अशी. बोलून दाखवायच्या नाहीत आणि कामही सोडायच्या नाहीत.

पण मॅडमविषयी मला जे सांगायचं आहे ते प्रयोगशाळेतलं नाही. ते माझ्या घरातलं आहे.

माझे मोठे भाऊ देवराव, आमचे दादा, लहानपणापासून पोटदुखीनं बेजार होते. दुखायला लागलं की बेंबीच्या वर सुरू होऊन पाठीतून आरपार निघायचं. मग ते गुडघे छातीशी घेऊन भिंतीला टेकून बसायचे आणि कुणी हात लावला तरी ओरडायचे. आमचे मामाही असेच बसायचे, असं आई सांगायची. मामा तरुणपणीच गेले. गावात त्या दुखण्याला काही म्हणायचे, दवाखान्यात काही म्हणायचे. आमच्या जिल्ह्यात तेव्हा नुकतीच दारूबंदी झाली होती, आणि मोहाची दारू काही बंद झाली नव्हती. दादांना दवाखान्यात नेलं की डॉक्टरांचा पहिला प्रश्न ठरलेला.

"किती पिता?"

"मी पेत नाई साहेब."

"सगळे असंच म्हणतात."

स्वादुपिंडाला सूज आहे आणि ती दारूनं येते, असं कागदावर लिहून दिलं गेलं. तो कागद सिंधूवहिनींच्या माहेरी, आरमोरीला पोहोचला. वहिनींचे वडील तुळशीरामभाऊ एक दिवस आले आणि मुलीला व नातीला घेऊन गेले. माझी भाची प्रीती तेव्हा तिसरीत होती.

मी सुट्टीत घरी गेले तेव्हा दादा ओसरीवर बसले होते. म्हणाले, "शालू, तू शिकून राह्यली न हेच? सांग मंग मले. मी पेत नाई, अन् डाक्टर म्हनते पेते. कोन खरं?"

मी दादांना कधी पिताना पाहिलं नव्हतं. पण मी घरी असायचेच किती? डॉक्टर खोटं का लिहितील? आणि दादा माझ्याशी खोटं का बोलतील? पुस्तकात तर स्पष्ट दिलं होतं, की हा आजार बहुतेक वेळा दारूनं किंवा पित्ताच्या खड्यांनी होतो. दादांना खडे नव्हते. मी दादांची बहीण होते आणि जीवरसायनशास्त्राची विद्यार्थिनी होते, आणि दोघींचं एकमेकींशी पटत नव्हतं. चंद्रपूरला परतले तरी वर्गात माझं लक्ष लागेना.

मॅडमनी प्रयोगशाळेत थांबवून विचारलं. मी सगळं सांगितलं. त्या ऐकत राहिल्या. त्यांनी दोन-तीनच प्रश्न विचारले. मामांना काय व्हायचं? ते कोणत्या वयात सुरू झालं? दादांचं कोणत्या वयात? मी सांगितलं, दादा शाळेत असतानाच. तेव्हा मॅडम म्हणाल्या, "शाळेत असताना," आणि ते वहीत लिहायला लागल्या.

त्याच महिन्यात आरमोरीहून निरोप आला, की प्रीतीचं पोट दुखतं. जंतांचं औषध दिलं, उपयोग झाला नाही. गुडघे पोटाशी घेऊन बसते. मी धावत जाऊन मॅडमना सांगितलं. त्या तास घेत होत्या. हातातला खडू त्यांनी टेबलावर ठेवला.

"पाठीत दुखतं म्हणते का?"

"माहीत नाही मॅडम."

"रविवारी आरमोरीला जाऊ."

गडचिरोलीला एसटी बदलून आम्ही दुपारी पोहोचलो. तुळशीरामभाऊ अंगणात धान वाळवत होते. मला पाहून त्यांचा चेहरा आंबट झाला, पण सोबत अनोळखी बाई पाहून त्यांनी खाट टाकली.

"बसा बाई. तुमी डाक्टर हाव का?"

"आहे भाऊ, पन इलाजवाली नाई. कालेजात शिकवते."

"मंग आमच्याकडं कायले आल्या?"

"पोरीले पाहाले."

प्रीती आत भिंतीला टेकून बसली होती. मॅडम तिच्याशेजारी जमिनीवर बसल्या, तशाच, भिंतीला टेकून. पोटाला हात लावला नाही. म्हणाल्या, "कुठी दुखते, बोटानं दाखव." प्रीतीनं बेंबीच्या वर बोट ठेवलं. मग हात मागे नेऊन पाठीवर, बरोबर त्याच रेषेत. वहिनी दारात उभ्या होत्या. दादांना त्यांनी इतकी वर्षं तेच करताना पाहिलं होतं.

मग मॅडमनी अंगणात येऊन तुळशीरामभाऊंना सांगितलं ते मला अजून शब्दाशब्दानं आठवतं, कारण इतक्या सोप्या भाषेत ते मला आजही सांगता येत नाही.

"भाऊ, आपल्या पोटात एक गाठोडं आहे. त्यात अन्न पचवायचा रस तयार होते. तो रस एवढा तेज असते, का मटन पचवते. मंग आपलंच मांस काऊन नाई पचवत? तर तो तिथं निजलेला असते. आतड्यात गेल्यावर जागा होते. देवरावचा अन् पोरीचा रस आतड्यात जायच्या आधीच, तयार होते तिथंच, त्या बारीक बारीक पेशींच्या आत जागा होऊन राह्यला, असं मले वाटते. मंग तो त्याहिलेच पचवाले लागते. म्हनून आग होते."

"अन् जागा कोन करते त्याले?"

"तेच आमी शोधून राह्यलो. पेशीच्या आत दुसरं एक एन्झाइम आहे, ते चुकून त्याच्याशी भेटते, असं काही लोक म्हनतात. काही घरांत जन्मापासूनच त्या रसाच्या बनावटीत फरक असते. मी रक्त तपासाले पाठवतो. रिपोर्ट आला का येऊन सांगतो."

"मंग रिपोर्ट येऊ द्या," तुळशीरामभाऊ म्हणाले. "तवापर्यंत पोरगी इथीच राहीन."

मॅडमनी नागपूरच्या एका परिचित डॉक्टरांकडे प्रीतीची आणि दादांची तपासणी करवली. दोघांच्याही स्वादुपिंडाला सूज निघाली. दादांच्या स्वादुपिंडाच्या नळीत तर चुन्याचे बारीक खडे बसलेले, पित्ताचे नव्हेत. दोघांचं रक्त दूरच्या एका मोठ्या प्रयोगशाळेत गेलं. तेव्हा नुकतंच समजलं होतं, की ट्रिप्सिनमध्ये स्वतःलाच तोडून निकामी करण्याची एक जागा असते. चुकून लवकर जागं झालं तर ते तिथं तुटतं आणि थोडक्यात निभावतं. काही कुटुंबांत ती जागाच बदललेली असते. मग एकदा जागं झालेलं ट्रिप्सिन विझतच नाही. आमच्या घरात तेच निघणार, याची मला खात्री होती. दादांना मी तसं सांगूनही टाकलं होतं. दादांनी वहिनींची खोली शेणानं सारवून घेतली.

रिपोर्ट आला. ती जागा शाबूत होती. दोघांचीही.

मी तो कागद उलटसुलट वाचला. मग दादा खोटं बोलत होते का? पण प्रीतीचं काय? की दोघांचे आजार वेगळे? मला काहीच जुळवता येत नव्हतं. दादा चंद्रपूरला आले. मॅडमच्या घरी, त्यांच्या बैठकीच्या खोलीत आम्ही बसलो होतो. मॅडमच्या आईनं चहा आणून ठेवला होता आणि कुणीच पीत नव्हतं.

दादा म्हणाले, "मॅडम, एक विनंती आहे. त्याहिले नका सांगू. रिपोर्ट आलाच नाई म्हना. अजून टाइम आहे म्हना. सिंधू येईन न घरी, मंग पाहू."

मॅडम म्हणाल्या, "देवरावभाऊ, रिपोर्ट आल्यावर येते म्हणून मी सांगून आले. आला आहे. जावं लागेल."

"पन मंग ते म्हनतीन दारूच."

"म्हणतील."

"माहा संसार आहे मॅडम."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी तेव्हा पाहिलं. त्या म्हणाल्या, "खोटं सांगून मी तुमची बायको घरी आणली, अन् ते उद्या उघडं पडलं, तर तुमचं खरंसुद्धा कोणी मानणार नाही. तुम्ही माझ्यासोबत चला."

मला तो निर्णय बरोबर वाटला नाही. मला तो अत्यंत क्रूर वाटला. जाताना एसटीत मी खिडकीबाहेर पाहत बसले आणि मॅडमशी एक शब्द बोलले नाही. दादा पुढच्या बाकावर मान खाली घालून बसले होते. मॅडमनी दोनदा पाण्याची बाटली पुढे केली, मी घेतली नाही.

तुळशीरामभाऊंच्या अंगणात मॅडमनी बसायच्या आधीच सांगितलं. "भाऊ, रिपोर्ट आला. मले जे वाटत होतं ते त्यात नाई निघालं."

तुळशीरामभाऊंनी दादांकडे पाहिलं. "म्हंजे दारूच."

"नाई. म्हंजे मले माहीत नाई."

"एवढ्या शिकलेल्या बाई तुमी. आमी तुमच्या तोंडाकडं पाहून राह्यलो. अन् माहीत नाई म्हनता?"

"हो भाऊ. एक कारन मी शोधलं, ते नाई निघालं. दुसरं असू शकते. ते अजून कोनालेच माहीत नाई. मी तुमाले काय सांगू?"

दादा उठून चप्पल शोधायला लागले. तेवढ्यात वहिनी दारात आल्या. वडिलांसमोर त्या कधी आवाज काढत नसत.

"बाबा, प्रीती दारू पेते का?"

तुळशीरामभाऊ म्हणाले, "काय बोलून राह्यली तू?"

"मी इचारून राह्यली. तिचंबी तसंच दुखते. तसंच बसते. दारू पेते का ते? ह्या बाई दोनदा आल्या. आज तर खोटं सांगाले आल्या असत्या तरी आपल्याले काय समजलं असतं? मले कागद नाई पाह्यजे. मी जातो घरी."

त्या संध्याकाळच्या एसटीनं वहिनी, प्रीती, दादा, मॅडम आणि मी, असे पाच जण गडचिरोलीपर्यंत एकत्र आलो. प्रीती मॅडमच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. मला मॅडमची क्षमा मागायची होती की त्यांच्यावर आणखी रागवायचं होतं, तेच समजत नव्हतं. वहिनी आल्या म्हणून मॅडम बरोबर ठरल्या का? वहिनी आल्या नसत्या तर त्या चूक ठरल्या असत्या का? हे मी त्यांना पुढे कधीतरी विचारलं. त्या म्हणाल्या, "वहिनी येतील असं वाटून मी गेले नव्हते. मला तर खात्री होती की त्या येणार नाहीत." एवढं बोलून त्या काचेच्या नळ्या धुवायला लागल्या.

पुढे दादांच्या नळीतले खडे काढून वाट मोकळी करायची शस्त्रक्रिया नागपूरला झाली. मॅडम त्या आठवड्यात दिवसभर रुग्णालयात असायच्या. त्यांच्या आईनं बिनतेलाची खिचडी आणि उकडलेल्या भाज्या डब्यात भरून दिल्या होत्या. आमच्या आईनं आयुष्यात पहिल्यांदा मुसलमानाच्या घरचं अन्न खाल्लं ते त्या डब्यातलं. खाल्ल्यावर ती फक्त म्हणाली, "मीठ बरोबर आहे." यापेक्षा मोठं प्रमाणपत्र आईनं कुणाला दिलेलं मला आठवत नाही.

डॉक्टरांनी दादांना जेवताना घ्यायच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या गोळ्यांत काय आहे, हे दादांनी मॅडमना विचारलं.

"पाचक एन्झाइम. ट्रिप्सिनसुद्धा आहे त्यात."

दादा गोळीकडे पाहत राहिले. "ज्यानं माहं पोट जाळलं, तेच?"

"तेच. पहिले ते चुकीच्या जागी जागं होत होतं. त्यानं ग्रंथी जळली. आता ती पुरेसं बनवतच नाही, म्हणून बाहेरून द्यावं लागतं."

"म्हंजे पहिले जास्ती, आता कमी."

"हो भाऊ."

"मले काई समजलं नाई," दादा म्हणाले, "पन तुमी म्हनता तं खातो." आणि त्यांनी गोळी गिळली. मॅडम हसल्या. मीही हसले. नंतर मला वाटलं, की आपल्यालाही यापेक्षा फार जास्त समजलेलं नाही.

मी मॅडमकडेच पीएच.डी.ला लागले. विषय तोच: स्वादुपिंडाच्या पेशीत कॅथेप्सिन आणि निजलेलं ट्रिप्सिन एकमेकांना कुठे भेटतात. वर्षानुवर्षं खाटकाकडून बर्फातला डबा आणणं, पेशी फोडणं, वेगवेगळ्या थरांत वेगळ्या करणं. निम्मे निकाल एकमेकांशी जुळत नसत. मॅडम जुळणारे आणि न जुळणारे दोन्ही सारख्याच काळजीनं ठेवायला लावायच्या. "न जुळणारं कचऱ्यात टाकू नकोस. आपण चूक असू तर ते तिथंच सापडेल," असं म्हणायच्या.

दोन हजारनंतर नवी माहिती आली. ट्रिप्सिनोजेनच्या पिशवीतच एक राखणदार प्रथिन असतं, जे लवकर जागं झालेल्या ट्रिप्सिनला तिथंच पकडून ठेवतं. काही रुग्णांत त्या राखणदाराच्या जनुकात बदल सापडला होता. मॅडमनी आमच्या सगळ्या कुटुंबाचं रक्त पुन्हा पाठवलं, आणि या वेळी तपासणीच्या तुलनेसाठी माझंही.

दादांमध्ये तो बदल होता. प्रीतीमध्ये होता. आणि माझ्यातही होता.

मी कागद घेऊन मॅडमच्या खोलीत गेले. माझं पोट आयुष्यात कधी दुखलं नव्हतं. मी जत्रेतली भजी खाऊनही ठणठणीत असायचे.

"मॅडम, हेच कारण असेल तर मला का नाही?"

त्यांनी कागद वाचला. पुन्हा वाचला. चष्मा काढला. "हा बदल धडधाकट माणसांतही बऱ्याच ठिकाणी सापडतो. एकट्यानं तो पुरेसा नसावा. त्याच्या जोडीला आणखी काहीतरी लागत असेल. काय, ते मला माहीत नाही, शालिनी."

"म्हणजे दादांचं कारण सापडलं की नाही?"

"अर्धं सापडलं असावं."

"अर्धं कारण असतं का?"

मॅडमनी माझ्यासमोर खुर्ची ओढली आणि माझा हात हातात घेतला. असं त्या कधी करत नसत. म्हणाल्या, "तुला भीती वाटते आहे का?" तेव्हा कुठे मला कळलं, की इतका वेळ मी शास्त्र विचारत नव्हते. मी रडले. त्यांनी धीराचे शब्द दिले नाहीत. मला घरी नेलं आणि जेवायला घातलं. तेव्हापासून माझी वर्षातून एकदा तपासणी त्यांच्याच आठवणीनं होते. मी विसरते, त्या विसरत नाहीत.

प्रबंधात मला लिहायचं होतं, 'कारण निश्चित झाले'. मॅडमनी ते खोडून 'संबंध दिसतो' असं लिहायला लावलं. यावरून आमचं चांगलंच वाजलं. शेवटी मी त्यांचंच ऐकलं. पुढची संशोधनं वाचताना दर वेळी मला त्या दोन शब्दांसाठी त्यांचे आभार मानावेसे वाटतात.

आज दादा शेती करतात. साखरेचा आजार जडला आहे, इन्सुलिन घ्यावं लागतं, दुखणं मात्र क्वचित. प्रीती गडचिरोलीला नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिला मधूनमधून त्रास होतो. होऊ नये म्हणून काय करायचं, हे तिला आमच्यापेक्षा जास्त कळतं. तुळशीरामभाऊ आता थकले आहेत, पण चंद्रपूरला कुणी निघालं की मॅडमसाठी तांदूळ देतात.

गौरव समितीनं लेख मागितला तेव्हा मी घरी गेले होते. दादांना म्हटलं, मॅडमवर लिहायचं आहे, इतकं काही आहे की कुठून धरावं कळत नाही. त्यांचं संशोधन लिहू, की शिकवणं, की तुझ्यासाठी केलं ते?

दादा इन्सुलिनची सुई टोचून घेत होते. ती काढून बाजूला ठेवल्यावर म्हणाले, "एक लिही. दवाखान्यात साऱ्याहिनं इचारलं. गावात इचारलं. सासऱ्यानं इचारलं, सिंधूनंबी इचारलं. तुह्याबी डोळ्यात मले ते दिसे. पन मॅडमनं मले कधीच इचारलं नाई, का भाऊ, तू पेतो का."

मी आठवून पाहिलं. इतक्या वर्षांतली प्रत्येक भेट आठवली. खरंच, एकदाही नाही.

मॅडम, आपल्या गुडघ्यांना आता जिना सोसत नाही आणि तरी आपण वरच्या प्रयोगशाळेत जाता, अशी आपल्या आईंची तक्रार माझ्यापर्यंत आली आहे. पुढची पुष्कळ वर्षं आपण तो जिना चढावा, पण सावकाश, कठड्याला धरून. आपली नजर, आपलं काळीज आणि आपली भूक शाबूत राहो. सत्काराच्या दिवशी दादा, वहिनी आणि प्रीती येत आहेत. दादांना भाषण जमत नाही. ते फक्त समोर येऊन आपल्या पाया पडणार आहेत. त्यांना अडवू नका.